आण्याआधीचं अक्षर

बेल्हे मागं पडलं की गाडीचा आवाज बदलतो. कल्याणहून माळशेज चढून आलेला रस्ता आळेफाट्याच्या आसपास जरा सुस्तावतो, पण आणे घाटाशी आल्यावर त्याला पुन्हा कंबर कसावी लागते. गुळुंचवाडीचा तो नैसर्गिक दगडी पूल बाजूला राहतो, दोन-चार वळणं होतात आणि एकदम आभाळ खाली उतरतं. पठार लागलं. मग पाटी येते. वर देवनागरीत ‘आणे’, खाली रोमन लिपीत ए, एन, ई.

माझ्या मामाचं हे गाव. लहानपणापासून मी त्या पाटीची वरची ओळ वाचत आले. खालची ओळ माझ्यासाठी नव्हतीच, कारण इंग्रजी आम्हाला पाचवीत भेटलं आणि तेसुद्धा फार ओळख न दाखवता. मामाच्या नातवाचं तसं नाही. मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं, त्यामुळे ही मुलं खालची ओळ आधी वाचतात. यंदा यात्रेला गेले, तर पोरगं ओट्यावर वाटच बघत होतं.

‘‘आत्या, आपल्या गावाचा उच्चार चुकतोय.’’

‘‘कुणाचा?’’

‘‘सगळ्यांचाच. शेवटचा ई सायलेंट असतो. म्हणजे ते आणे नाही, ‘एन’ आहे.’’

शतकानुशतकं अख्खं पठार चुकीचं बोलत आलंय, हे सहावीतल्या मुलानं पायातली चप्पल काढायच्या आत मला सांगितलं. चूल पेटवत असलेल्या मामीनं आतूनच विचारलं, ‘‘सायलेंट म्हंजी काय रं?’’

‘‘मुका, आजी. लिहायचा, पण बोलायचा नाही.’’

‘‘मंग ल्हितात कशाला?’’

प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि मला उत्तर ठाऊक असलेले प्रश्न त्या घरात फारसे निघत नाहीत, म्हणून मी संधी सोडली नाही. हा ई मुका असला तरी निकामी नाही. ‘कॅन’च्या शेपटीला तो बांधला की ‘केन’ होतं. ‘मॅन’चं ‘मेन’, ‘पॅन’चं ‘पेन’, ‘व्हॅन’चं ‘व्हेन’. स्वतः चकार शब्द काढत नाही, पण आधीच्या स्वराला लांब करतो. मराठीत ही सोय नाही. आपण लिहिलं ते बोलतो. आणेमधला शेवटचा ए काढून घेतला तर गावच नाहीसं होतं आणि उरते नुसती ‘आण’. ती शपथ म्हणून घ्या, नाहीतर ‘दळण आण, पाणी आण’मधली म्हणून ऐका.

रोमन लिपी आमच्या भागाशी जरा वैर धरूनच आहे. तिच्याकडं ण नाही आणि ळ तर नाहीच. याच रस्त्यावर खाली आळे नावाचं गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथं आहे. त्या गावाचं नाव रोमनमध्ये लिहिलं की ए, एल, ई अशी अक्षरं पडतात आणि इंग्रजीत ‘एल’ म्हणजे बिअरचा एक प्रकार. वेद बोलणाऱ्या रेड्याचं गाव पाटीच्या खालच्या ओळीत दारूचं नाव घेऊन उभं आहे आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. वरच्या ओळीतलं आळं हे झाडाच्या बुंध्याशी पाणी थांबावं म्हणून करतात ते. खालच्या ओळीत पाण्याचं काहीतरी भलतंच होऊन बसलं.

पुण्याहून येताना मी त्या पोरासाठी स्क्रॅबलचा जुना डबा आणला होता. शंभर चौकोनी ठोकळे, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर आणि कोपऱ्यात त्याचे गुण. त्यानं पहिलं काम केलं ते ए, एन आणि ई शोधून पाटावर मांडण्याचं. मग गुण मोजले. एक, एक आणि एक. ही तिन्ही अक्षरं इंग्रजीत इतकी बक्कळ सापडतात की त्यांना याहून भाव नाही.

‘‘तीन फक्त?’’ त्याचा चेहरा उतरला. ‘‘आणि जुन्नर?’’

जुन्नरचे तेरा झाले. एकट्या ‘जे’चेच आठ. तालुका तेराचा आणि गाव तिनाचं, हा अन्याय त्याला सहन होईना. त्यात मी सांगितलं, की या खेळात गावांची, माणसांची नावं चालतच नाहीत. विशेषनामाला इथं मज्जाव. पठारावरच्या माणसाला सरकारदरबारी जे ऐकावं लागतं, तेच त्याला खेळातही ऐकावं लागलं.

‘‘मग असं करू,’’ मी म्हटलं, ‘‘गाव आहे तिथंच राहू दे. त्याच्या आधी एकेक अक्षर लावून बघ, शब्द होतो का ते.’’

हा खेळ त्याला पटला. आम्ही नियम ठरवले. विशेषनाम नको, सहा अक्षरांवर शब्द नको, आणि अर्थ सांगता आला पाहिजे. मामी परातीत बाजरीचं पीठ मळत होती. तिनं विचारलं, ‘‘किती शब्द करायचं म्हनता?’’

‘‘जमतील तेवढे.’’

‘‘तसं नको. सोळा करा. रुपया व्हईल.’’

मामीच्या घरात रुपया अजून सोळा आण्यांचा आहे. तिचं लग्न नव्या पैशाच्या सालातलं. १ एप्रिल १९५७ला सरकारनं रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि आण्याच्या वाट्याला सव्वासहा पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथवर हिशेब सरळ होता. पण एका आण्याचं काही आणलं तर दुकानदार सहा पैशांवर गाडी थांबवायचा नाहीतर सातावर न्यायचा. ‘‘त्यो पाव पैसा कुठं गेला?’’ हा मामीचा साठ-पासष्ट वर्षांचा प्रश्न आहे. नाण्यांतून आणा गेला, पण तोंडातून गेला नाही. चार आणे, आठ आणे म्हणजे पाव आणि अर्धा. खरी गोष्ट सोळा आणे खरी. कोंबडी अजून चार आण्यांची आणि मसाला बारा आण्यांचा. पाव रुपयाचं नाणं २०११च्या जूनअखेर चलनातून कायमचं गेलं, तरी ‘चार आण्याची अक्कल नाही’ हे वाक्य कुणी ‘पंचवीस पैशांची’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमटीचा दिवस होता. आण्याला रंगदास स्वामींची समाधी आहे आणि ऐन थंडीत त्यांची यात्रा भरते. तिचा महाप्रसाद म्हणजे आमटी आणि बाजरीची भाकरी. आमटी देवळाजवळ मोठमोठ्या कढयांतून शिजते. भाकऱ्या घराघरांतून येतात. तेव्हा मामी चुलीपुढं होती, पोरगं पाटापुढं होतं आणि मी मधे बसून दोन्हीकडचा धूर खात होते.

पहिलं अक्षर ‘सी’. केन. ‘‘ऊस!’’ पोरगं ओरडलं. मामीनं पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, ‘‘हितं कुठला आलाय ऊस?’’ तिचंही खरं होतं. जुन्नर हा धरणांचा तालुका. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे अशी एकेक नावं घेतली तरी तहान भागावी. खाली त्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि उसात बिबट्या बाळंत होतो. वनखात्याला माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं. पण धरणाचं पाणी पठार चढत नाही. इथं पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर आभाळ. ‘केन’चा दुसरा अर्थ छडी, तो मात्र मामीला मान्य झाला. ‘‘ती व्हती शाळंत. लई व्हती.’’ इंग्रजीत दोन्हींना एकच नाव, वेतालाही आणि उसालाही. एकानं तोंड गोड होतं, दुसरीनं हात लाल.

लेन म्हणजे आळी. मेन म्हणजे घोड्याची आयाळ. पेन म्हणजे खिडकीची काच, ‘‘लिहायचं नाही, ते वेगळं,’’ हे मला तीनदा सांगावं लागलं. मराठी कानाची मोठी पंचाईत असते. इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेली निम्मी गर्दी आपल्याकडं एकाच दारातून आत येते. दुखणंही पेन, काचही पेन आणि खिशाला लावायचं तेही पेनच. पुढं तर व्हीवाला ‘वेन’ आणि डब्ल्यूवाला ‘वेन’ असे जुळे भाऊच आले. व्हीवाला म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं. मामी म्हणाली, त्याला पातं कशाला, उफणायला उभं राहिलं की भूस कुणाच्या डोळ्यात जातंय त्यावरून वारा कळतो.

डब्ल्यूवाला वेन म्हणजे चंद्रानं कलेकलेनं कमी होत जाणं. इथं मामी थोडी थांबली. ‘‘चंद्राचं ठीक हाये. त्यो पुन्यांदा भरतो,’’ असं म्हणून तिनं परसातल्या विहिरीकडं बघितलं. पुढचा शब्द ‘बेन’ होता. पोराला तो गुजराती बहीण वाटला. त्याचा जुना अर्थ विष, घात करणारं, जिवावर उठलेलं. ‘वेन’ आणि ‘बेन’ लागोपाठ यावेत हा पठाराचा इतिहासच झाला. आधी पाणी कमी होत जातं, मग ते जिवावर उठतं.

आणि या दोन्हींचा हिशेब पुन्हा आण्यांतच. पीक किती आलं हे ठरवायची सरकारी रीत म्हणजे आणेवारी. पूर्ण पीक सोळा आणे धरायचं आणि यंदाचं त्यात किती बसतं ते पाहायचं. आणे गेले, पैसे आले, कागदावर तिचं नाव पैसेवारी झालं, पण चावडीवर आणि पारावर ती आणेवारीच राहिली. पैसेवारी पन्नासच्या खाली आली की टंचाई धरत. मग जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांना परीक्षा फी माफ. म्हणजे एकोणपन्नास पैसे झाले तर गावाला हायसं वाटायचं आणि एक्कावन्न झाले तर तोंडचं पाणी पळायचं. साऱ्या जगात बहुधा ही एकच परीक्षा असेल, जिच्यात नापास होण्यासाठी लोक देवाला नारळ बोलत. पुढं दुष्काळ ठरवायला पावसाचा खंड, मातीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष आले. तरी पावसानं ओढ दिली की माणसं विचारतात ती आणेवारीच. आण्याची आणेवारी किती, हा प्रश्न विचारताना कुणाला हसू येत नाही. शब्दांचा खेळ आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही, कारण त्यांचा तो खेळ नसतो.

आठवा आला ‘सेन’, म्हणजे शहाणा, डोकं ठिकाणावर असलेला. रोमनमध्ये तो अगदी ‘साने’ दिसतो, आणि मला वाटतं इंग्रजी स्पेलिंगनं मराठी माणसाला इतका योग्य न्याय दुसरीकडं कुठं दिला नसेल. लगेच ‘फेन’ आला. जुना, काव्यातला शब्द, अर्थ देऊळ. त्याच्याच पोटातून ‘प्रोफेन’ निघाला. मुळात देवळाबाहेरचा, आणि मग अपवित्र. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले होते. देवळाबाहेर ठेवलेल्यांसाठी एक शहाणा माणूस उपाशी बसला, ही गोष्ट मी पोराला पाटावरच्या तीन ठोकळ्यांपुढं एकेक अक्षर बदलून दाखवली. ‘‘मग ते आत गेले का?’’ त्यानं विचारलं. गेले, म्हटलं. मामीनं भाकरी उलटली.

नऊ झाले. पोरगं आता जोरात आलं. त्याला माने, राणे, काणे, दाणे सगळे दिसायला लागले. मला विशेषनामांचा नियम लावून एकेकाला दारातून परत पाठवावं लागलं. माने ‘मेन’ होऊन, म्हणजे आयाळ लावून, आधीच आत बसले होते. काण्यांना परत पाठवताना तर जीव कसनुसा झाला. महामहोपाध्याय पां. वा. काणे, धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत इंग्रजीतच लिहिला, १९६३ साली भारतरत्न झाले. एवढ्या माणसाला इंग्रजी शब्दांच्या पंगतीत पाट नाही. पण नियम म्हणजे नियम.

मग त्यानं ‘एन’ लावला. नाणे! नाणेघाट तर आपल्याच तालुक्यात. सातवाहनांचा, नागनिकेच्या शिलालेखाचा, जकातीच्या रांजणाचा. ‘‘आत्या, हा तरी घे.’’ शब्द म्हणून तो इंग्रजीत असल्याचं मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बाजूला ठेव, नंतर शब्दकोशात बघू.

पाच अक्षरांचे शब्द सुरू झाले तसे मामीचे हातही तापले. प्लेन म्हणजे विमान. सुताराचा रंधाही प्लेनच. इथून विमानं फार उंचावरून जातात, त्यांना खालची पाटी दिसत नसणार. पुढचा ‘क्रेन’. या शब्दाला घरात ओळखीची गरज नव्हती. विहीर खणताना काठावर जे यंत्र बसतं, लांब मान खाली घालून दगडमातीची बादली वर काढतं, त्याला इकडं यारी म्हणतात. मामाच्या विहिरीवर यारी बसली तेव्हा मी लहान होते. दिवसभर तिच्या गिरक्या बघत असायचे. इंग्रजांनी यंत्राला हे नाव दिलं ते करकोच्यावरून, त्याच्या लांब मानेमुळं. आपल्या माणसांनी त्याच यंत्राला यारी म्हटलं. मला आपलं नाव जास्त आवडतं. जमिनीत चाळीस-पन्नास फूट खाली उतरलेल्या माणसाला वरून दोर सोडणारं जे असतं, त्याला पाखरापेक्षा यार म्हणणं बरं.

‘थेन’ निघाला तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. पोरगं म्हणालं, ‘‘हे तर ठाणे!’’ दिसतं तसंच. पण इंग्रजीत थेन म्हणजे जुन्या काळचा सरदार. शेक्सपिअरचा मॅकबेथ असाच एक थेन होता आणि पुढं राजा व्हायच्या नादात त्याचं सगळं बिघडलं. मी गोष्ट सांगणार होते, पण मामी मधेच म्हणाली, ‘‘ठाण्यात आपलं निम्मं आळेफाटा-बेल्हे गेलंय.’’ पोट भरायला तालुका माळशेज उतरला, तो मुंबई-ठाण्याला जाऊन टेकला. यात्रेला त्यांच्या गाड्या येतात. पोरानं ‘टी’ आणि ‘एच’ ही अक्षरं बाजूला केली, पुन्हा लावली, पुन्हा बाजूला केली. ‘‘आत्या, ठाण्याच्या पोटात आणे आहे. आण्याच्या पोटात ठाणे नाही.’’

‘‘बराबर हाये,’’ मामी म्हणाली. ‘‘त्यान्ला आपली याद लागती. आपल्याला त्यांच्यात राहायला जागा लागत न्हाई.’’

तेरावा ‘इनेन’. रिकामा, पोकळ, ज्यात काही नाही असा. लॅटिनमधून आलेला. मामीनं कोपऱ्यातल्या हंड्याला पायानं ढकललं, तो ठणकला. ‘‘ह्यो?’’ हाच, म्हटलं.

मग गाडी अडली. ‘इन्सेन’ मी बाद केला. तो ‘सेन’च्याच अंगावर नकार चढवून आलेला, म्हणजे खोटा शिक्का. पोरगं ठोकळे उलटसुलट करत राहिलं. शेवटी एच, यू, एम अशी तीन अक्षरं त्यानं पुढं लावली, ती चुकून लावली की वाचलेलं आठवून, ते त्यालाच माहीत. ह्यूमेन.

मी ते बघत राहिले. ‘ह्यूमन’ म्हणजे माणूस. त्याच्या शेवटी तो मुका ई लावला की ‘ह्यूमेन’ होतं, म्हणजे माणुसकी असलेला. एवढंच अंतर. एक अक्षर, तेही न बोलणारं. ‘अर्बन’ म्हणजे शहरी, आणि त्याला हाच ई जोडला की ‘अर्बेन’, म्हणजे सुसंस्कृत, अदबीनं वागणारा. पंधरावा झाला. सभ्यपणा शहरातच पिकतो अशी इंग्रजांची समजूत या शब्दातून दिसते. पुण्यात एवढी वर्षं राहून मला तिला दुजोरा देता येत नाही. पण त्या ईचं काय करावं हे मला कळेना. इतका वेळ मी त्याला मास्तरणीसारखी शिकवण्याचा नियम समजत होते. तो तर घरातल्या एखाद्या माणसासारखा निघाला. असतो, पण पंगतीत मोजला जात नाही, फोटोत मागच्या रांगेत अर्धा दिसतो, आणि तो नसला की पुढच्यांचे आवाज एकाएकी आखूड होतात.

चुलीपुढून थप-थप आवाज येत होता. एका लयीत, मघापासून. आमच्या तो कानातच शिरला नव्हता.

‘‘पंधरा झाले,’’ पोरगं म्हणालं. ‘‘एक कमी.’’

‘‘हितं बी पंधरा,’’ मामी म्हणाली.

दुरडीत पंधरा भाकऱ्या होत्या. आम्ही एकेक शब्द काढत होतो आणि ती एकेक भाकरी. आमच्या अर्थांवर शेरे मारत, पोराला धुरापासून मागं सरकवत, इंधन आत ढकलत तिनं सगळे आणे मोजून ठेवले होते. सोळावी तिच्या हातावर गोल होत होती.

मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. आधी तो बाजूला ठेवलेला ‘नाणे’ बघितला. आश्चर्य म्हणजे तो होता! स्कॉटलंडच्या बोलीत ‘नेन’ म्हणजे काहीच नाही, शून्य. शब्द खरा, पण किंमत शून्य. मामी म्हणाली, ‘‘नाणं म्हंजी न्हाईच. त्ये हातात असतं कव्हा?’’ तेव्हा तो मोजण्यात धरायचा नाही, असं एकमतानं ठरलं. आणि त्याच्याच शेजारी, त्याच बोलीतला, नुसता तीन अक्षरांचा शब्द दिसला. ए, एन, ई. अर्थ : एक.

‘‘पुढं काही नको लावायला?’’ पोराला विश्वास बसेना.

‘‘काही नको.’’

आपल्याकडं आणे अनेकवचनी. एकाला आणा, दोन झाले की आणे. आणि तिकडं, समुद्रापलीकडच्या कुठल्या थंड डोंगराळ मुलखात, हीच तीन अक्षरं म्हणजे एक. शिवाय हा शब्द खेळात चालतो. मघाशी विशेषनाम म्हणून बाहेर काढलेलं गाव, सामान्यनाम होऊन, सरळ पुढच्या दारानं आत आलं. गुण तेवढेच, तीन. पण आता त्याची तक्रार नव्हती.

‘‘सोळा,’’ मामी म्हणाली आणि शेवटची भाकरी तव्यावर टाकली. तिला पाणी लावलं, उलटली, निखाऱ्यावर उभी केली. फुगली.

मग तिनं फळीवरून एक डबी काढली. आत मामानं ठेवलेली नाणी होती. मधे भोक असलेला युद्धकाळातला पैसा, चौकोनी दोन आणे आणि एक आणा. १९५०नंतरचा. कडा करंजीला कातण फिरवल्यासारख्या आणि मधे बैल. नवीन गणराज्यानं आपल्या पहिल्या आण्यावर बैल घातला, याचं मामाला फार अप्रूप होतं. बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार भरतो. तिथं जाताना तो म्हणे हा आणा खिशात ठेवायचा. सौदा बैलाचा, तर साक्षीला बैल. पोरानं तो आणा पाटावर अक्षरांच्या ओळीत ठेवून बघितला. ठोकळ्याच्याच मापाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरडी डोक्यावर घेऊन आम्ही देवळाकडं गेलो. भाकऱ्यांचा ढीग पडला होता. गावातल्या, वाड्यांवरच्या, नळवणे-पेमदऱ्याच्या बाजूच्याही असतील. मामीनं दुरडी उपडी केली आणि मागं वळून न बघता मोकळी झाली. पोरगं मात्र तिथंच उभं राहिलं. आपल्या सोळा कुठल्या, ते त्याला शोधायचं होतं. एक-दोन क्षण त्याला वाटलं असावं की सापडतील. मग नवी दुरडी आली, तिच्यावर आणखी एक, आणि तो पंगतीत जाऊन बसला. आमटी पानात आली तेव्हा कुणाची भाकरी कुणाच्या वाट्याला गेली, ते रंगदास स्वामींनाच ठाऊक. आमटीचं नाव सगळीकडं निघतं, ‘आण्याची आमटी’ म्हणून. भाकरीचं नाव कुणी काढत नाही.

पुण्याला परत आल्यावर मी डबा उघडून ठोकळे मोजले. मोजायची सवय तिकडून लागली. नव्व्याण्णव भरले. ई बारा असतात, ते अकराच होते. पिशवी झटकली, तर तळाशी काहीतरी खणकलं आणि घरंगळत फरशीवर आलं. कातण फिरवलेल्या कडेचा आणा. बैल वर.

मी मामीला फोन लावला. ‘‘मामी, तुमचा आणा इकडं आलाय.’’

‘‘आला न्हाई, दिला,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं तुझा त्यो मुका ठेवून घेतला. इचारलं, त्याची किंमत काय? तर म्हनला, एक. मंग म्या त्याच्याच पिशवीत टाकला. फुकट कुणाचं घ्यायचं न्हाई.’’

मी गप्प. हिशेब सोळा आणे बरोबर होता.